स्पायनलनंतर बीपी उतरतो, त्यात शिकवायचं काय?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सिझेरियनच्या स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन केलेल्या भुलीत, बीपी उतरतोच. आधी लिटरभर सलाईन सोडावं, दर पाच मिनिटांनी बीपी बघावा, पडला तर इंजेक्शन द्यावं, टेबल डावीकडे कलवूनही फारसा फरक पडत नाही; त्यासाठी वेगळ्या सरावाचं स्तोम कशाला?

आधी भरलेलं सलाईन रक्तवाहिन्यांत फार वेळ टिकत नाही, त्यामुळे ऐनवेळी ते हाताशी नसतं. ते स्पायनल देतानाच जोरात सोडावं आणि सोबत फिनाइलएफ्रिन (रक्तवाहिन्या आकसून बीपी वर ठेवणारं औषध) सुरू करावं, मिनिटाला २५ ते ५० मायक्रोग्रॅम. बीपी पडण्याची वाट पाहायची नाही. वरचा आकडा मूळ बीपीच्या ९० टक्क्यांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, कारण वारेचा रक्तपुरवठा आईच्या बीपीवरच चालतो. पाच मिनिटांचं अंतर तर मुळीच मान्य नाही. बाळ बाहेर येईपर्यंत दर एक-दोन मिनिटांनी मोजा. पेशंट 'मळमळतंय' म्हणाली, की उलटीचं औषध शोधण्याआधी बीपी बघा. बहुतेकदा तोच उतरलेला असतो.

आता सरावाचं. फिनाइलएफ्रिनच्या नेहमीच्या १ मिलीच्या अँप्युलमध्ये १० मिलिग्रॅम औषध असतं. ते १०० मिली सलाईनमध्ये घातलं, तर मिलीला १०० मायक्रोग्रॅम. घाईत कुणी तेच १० मिलीच्या सिरिंजमध्ये पातळ केलं, लेबल लावलं नाही आणि पुढच्याने सवयीने 'एक मिली' दिलं, की डोस दहापट! बीपी भसकन चढतो, नाडी चाळिशीत येते. मग नाडी बघून कुणी ॲट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध) देतं आणि बीपी आणखी वर जातो. खरं तर बीपी चढलेला असताना नाडी मंदावली, तर फिनाइलएफ्रिन थांबवायचं असतं. दोन्ही खाली असतील तर इफेड्रिन (बीपी आणि नाडी दोन्ही वाढवणारं औषध) किंवा ॲट्रोपिन. हे पुस्तकात चार ओळींत मावतं. पण औषध भरणं, लेबल लावणं, डोस मोठ्याने म्हणणं हे हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडू नये म्हणून टेबल डावीकडे कलवतात; त्याबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. डोळ्यांच्या अंदाजाने १५ अंश क्वचितच भरतात, आणि बीपी नीट सांभाळला तर धडधाकट बाईत फरक थोडाच पडतो. पण हृदय बंद पडलं तर टेबल सपाटच हवं. कललेल्या छातीवर दाब नीट बसत नाही. तेव्हा एकाने पोट हातांनी डावीकडे ओढून धरायचं, दुसऱ्याने छाती दाबायची, आणि चार मिनिटांत हृदय सुरू झालं नाही तर जागेवरच सिझेरियनला हात घालायचा. कुणी कुठे उभं राहायचं हे त्या वेळी ठरवायला सवड नसते.