भाऊ, तुला मतं कोणी दिली?

नियुक्तीपत्र घेतानाचे फोटो बघून बघून आता मला एकच प्रश्न पडतो, की बाबा तुला मतं कोणी दिली? तालुकाध्यक्ष, शहराध्यक्ष, अमुक सेलचा जिल्हा संघटक, सगळीकडे पद्धत तीच, लेटरहेडवर पत्र, पुष्पगुच्छ, फोटो आणि खाली 'हार्दिक अभिनंदन भाऊ'ची रांग. कुठल्या एका पक्षाबद्दल बोलत नाहीये, सगळ्यांबद्दलच बोलतोय, त्यामुळे कमेंटमध्ये झेंडे घेऊन येऊ नका.

कागदावर बघाल तर प्रत्येकाची रचना एकदम झकास आहे. काँग्रेसची ब्लॉक, जिल्हा, प्रदेश, मग अखिल भारतीय समिती आणि वर कार्यसमिती. भाजपचं बूथ, शक्ती केंद्र, मंडल, जिल्हा, प्रदेश, राष्ट्रीय, आणि त्याला समांतर संघटन मंत्र्यांची वेगळीच लाईन, जो माणूस बहुतेक वेळा संघाचा प्रचारक असतो आणि ज्याचा शब्द अध्यक्षाइतकाच चालतो. माकपवाले शाखेपासून पॉलिट ब्युरोपर्यंत, दर तीन वर्षांनी खालपासून परिषदा घेत वर जातात, तिथेही वरची कमिटी पुढच्या कमिटीचं पॅनल मांडते हा भाग वेगळा, पण निदान माणसं जमतात आणि अहवालावर भांडतात तरी. शिवसेनेचं गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख. मुंबईत नळाला पाणी नाही इथपासून शाळेच्या अ‍ॅडमिशनपर्यंत माणूस आधी शाखेत जायचा, वॉर्ड ऑफिसात नंतर. एवढी खोल मुळं असलेली संघटना, पण शाखाप्रमुख शाखेतल्या लोकांनी मतदान करून निवडला असं कधी ऐकलंय का?

खालून वर जाणारी ही शिडी आपल्याकडे नवीन नाही हो. १९२० पर्यंत काँग्रेस म्हणजे डिसेंबरात अधिवेशन भरायचं, भाषणं, ठराव आणि मग जो तो आपापल्या घरी. त्या वर्षी नागपूर अधिवेशनात गांधींनी नवी घटना मंजूर करून घेतली, चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद, गावापासून तालुका, जिल्हा, प्रांत अशा समित्या, वर १५ जणांची कार्यसमिती, आणि प्रांत इंग्रजांच्या नकाशाप्रमाणे नाही तर भाषेप्रमाणे. मुंबई काँग्रेस आजही महाराष्ट्र प्रदेशापासून वेगळी आहे ना, त्याची मुळं तिथली. आणि १९३९ ला सुभाषबाबू १५८० विरुद्ध १३७७ मतांनी अध्यक्ष झाले तेही खुद्द गांधींचा पाठिंबा समोरच्या पट्टाभी सीतारामय्यांना असताना! आज असं कुठल्या पक्षात होईल सांगा. त्यानंतर गांधींच्या गटाने त्यांना कामच करू दिलं नाही आणि राजीनामा द्यायला लागला तो भाग आहेच, पण मतदान तरी खरं झालं.

आता आजचा बूथवरचा पोरगा बघा. मतदार यादीच्या एका पानावर साधारण ३० नावं असतात, ते पान त्याच्या नावावर. कोण वारलं, कोण लग्न होऊन गेली, कोण पुण्याला कामाला आहे आणि मतदानाला येणार का, सगळं त्याला तोंडपाठ. मतदानाच्या दिवशी पहाटे मॉक पोलला हजर, कमीत कमी ५० मतं टाकून मशीन तपासायचं, सही करायची, मग दिवसभर यादीवर खुणा आणि संध्याकाळी १७सी फॉर्मची, म्हणजे बूथवर एकूण किती मतं पडली त्या नोंदीची, कॉपी घेतल्याशिवाय हलायचं नाही, कारण मोजणीला आकडा जुळला नाही तर तोच कागद कामाला येतो. पक्ष म्हणजे खरं तर हा पोरगा. पण उमेदवार कोण असावा हे त्याला कोणी विचारतं का? नाव शेवटच्या दिवशी टीव्हीवर कळतं.

सगळी गंमत एबी फॉर्ममध्ये आहे. ए फॉर्म म्हणजे पक्षाच्या वतीने सही करायचा अधिकार कोणाला, बी फॉर्म म्हणजे उमेदवार कोण, आणि हे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत पोचले पाहिजेत. वीस वर्षं सतरंज्या उचललेला माणूस तहसीलच्या गेटवर फोन कानाला लावून उभा असतो आणि काल दुसऱ्या पक्षातून आलेला गाडीतून उतरतो तो फॉर्म खिशात घेऊनच. तालुका कमिटीचा ठराव? बैठक झालेली असते, चहा झालेला असतो, आणि 'सर्वाधिकार श्रेष्ठींना' ही एक ओळ एकमताने मंजूर. एकदा तिकीट वरून आलं की आमदार वरच्यालाच बांधील राहणार, तालुकाध्यक्षाला तो का विचारेल?

आणि याची किंमत पक्ष फुटल्यावर कळते. १९६९ ला काँग्रेस फुटली तेव्हा निवडणूक आयोगाने खासदार-आमदारांबरोबर संघटनेतलं बहुमतही बघितलं होतं. फेब्रुवारी २०२३ ला शिवसेनेच्या केसमध्ये काय झालं, पदाधिकारी निवडणुकीने आलेलेच नाहीत, पक्षाची घटना लोकशाही पद्धतीची नाही म्हणून संघटनेतल्या बहुमताच्या कसोटीवर विसंबता येत नाही असं आयोगाने म्हटलं आणि शेवटी भारी पडले ५५ पैकी ४० आमदार. वर्षभरात राष्ट्रवादीचाही निकाल आमदार-खासदारांच्या संख्येवरच लागला. निकाल बरोबर की चूक यावर तुम्ही रात्रभर भांडा, मला त्यात दिसतं ते एवढंच की त्या पक्षांतल्या हजारो शाखा, तालुके, जिल्हे, लाखो सभासद यांचं वजन निघालं शून्य.

कायद्याचं म्हणाल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते, पण अंतर्गत निवडणूक नीट घेतली नाही म्हणून नोंदणी रद्द करायचा अधिकार आयोगाला नाही, सुप्रीम कोर्टाने २००२ ला तसं सांगूनच टाकलंय. लॉ कमिशनने १९९९ मध्येच पक्षांतर्गत लोकशाही कायद्यात आणा म्हटलं होतं, ते बासनात. जर्मनीत हे थेट राज्यघटनेत आहे, मतदारसंघातला उमेदवारही तिथले सभासद किंवा त्यांचे प्रतिनिधी गुप्त मतदानाने ठरवतात.

कोणीतरी म्हणणारच की निवडणुका घेतल्या तर पैसेवाला हजार बोगस सभासद करून घेईल आणि गट पडतील. होईल की! २०२२ ला काँग्रेस अध्यक्षपदासाठी खर्गे ७८९७ आणि थरूर १०७२ अशी लढत झाली तेव्हाही मतदार यादी कुठेय म्हणून ओरड झालीच होती. पण यादी मागायला, तक्रार करायला काहीतरी निमित्त तरी मिळालं. नियुक्तीपत्राविरुद्ध तक्रार कुठे करणार? आणि गट आत्ता नाहीत असं ज्याला वाटतं त्याने एखाद्या तालुक्याच्या बैठकीला मागच्या खुर्चीवर बसून यावं.

बाकी नवनियुक्त मित्रांचं अभिनंदन. पुढची कार्यकारिणी जाहीर होईल तेव्हा फोटोबरोबर विरोधात कोण उभं होतं आणि त्याला किती मतं पडली तेही टाकत जा, लाईक माझ्याकडून पक्का.