भेरूघाटात बंद पडलेल्या पद्मिनीबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचं म्हणणं असं: कॉइलची (इंजिनला ठिणगी देणारा भाग) तार सैल होती म्हणून पद्मिनी गाडी आमच्याकडे आणली, आम्ही टर्मिनलचे आटे घालवले, नवीन कॉइल गळ्यात मारायला बघितली, मग दुरुस्तीचे 300 रुपये घेतले. आणि इंदूरहून ओंकारेश्वरला जाताना गाडी भेरूघाटात बंद पडली. आई दीड तास उन्हात बसून राहिल्या. शेवटी तिथल्या मेकॅनिकनं तार पिळून पाच मिनिटांत गाडी चालू केली.

आटे आमच्याच दुकानात गेले, साहेब. तार जोडायचा तो टर्मिनलचा खांब पितळेचा, जेमतेम 5 मिलिमीटरचा. त्याला दोन बोटांत धरलेला छोटा पाना पुरतो. आमच्या मुलानं मोठा पाना लावला आणि नट कसतच गेला. त्यानं त्याच संध्याकाळी मला येऊन सांगितलं. मी मात्र तुम्हाला सांगितलं नाही, उलट मजुरी लावली. याचंच मला सगळ्यात वाईट वाटतंय. ते 300 आणि घाटातल्या मेकॅनिकला दिलेले पैसे दोन्ही परत घ्या. आईंची माफी मी घरी येऊन मागेन.

दुरुस्ती मी स्वतः केली होती. आटे पार गेले की 5 चा खांब 4 च्या आसपास उरतो, त्यावर 4 ची डाय फिरवून नवे आटे पाडता येतात. काम नाजूक आहे. खांब खालून पकडीनं घट्ट धरायचा, डाय पाव फेरा पुढे, मग मागे, पितळेचा कीस झाडायचा, परत पाव फेरा. खांब जागेवर फिरला की आतल्या तारेचा सोल्डरचा डाग तुटतो, झाकणातून तेल झिरपायला लागतं आणि कॉइल गेली. डाय लावण्याआधी मीटरवर कॉइलचा रोध 3.1 ओहम होता, नंतरही तेवढाच. स्प्रिंग वॉशर घालून नट बसवला आणि काम झालं असं धरून चाललो.

चूक तारेच्या टोकाला राहिली. नट 4 चा झाला, पण तारेची थिंबल, म्हणजे टोकाची कडी, जुनीच, 5 च्या भोकाची. बारीक नटाखाली ती नुसती कडेवर टेकते. राजवाडा ते छावणी अशा शहरातल्या फेऱ्यांत तिनं धरलं; घाटात इंजिन तापलं, हादरे बसले आणि ती सुटली. ही चावीकडून येणारी तार, सुटली की इंजिन जागच्या जागी बंद. थिंबल बदलायला दोन मिनिटं लागली असती.

नवीन कॉइल गळ्यात मारत होतो, हे मात्र मला मान्य नाही. गाडी वडिलांच्या हातची आहे, जमलं तर तीच कॉइल राहू द्या, असं तुम्हीच म्हणाला होता. तरी मी सियागंज बाजारात विचारून आलो. मिळाली ती दीड ओहमची, बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (करंट आवरणारा वेगळा रोध) चालणारी. तुमच्या गाडीत बॅलास्ट नाही. ती सरळ जोडली असती तर कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट जळत राहिले असते आणि कॉइलही तापून गेली असती. म्हणून घेतली नाही.

आणि पिळलेली तार. त्या मेकॅनिकनं तुम्हाला घाटातून बाहेर काढलं, त्याचे आभारच. पण ती तशीच ठेवू नका. या कॉइलला साधारण 4 अँपिअर करंट लागतो. सैल सांध्यात अर्धा ओहम अडला तरी तो साडेतीनच्या खाली येतो आणि ठिणगीचा जोर जवळजवळ पाव हिश्श्यानं घटतो. सकाळी स्टार्ट व्हायला त्रास, चढावर मिसिंग, सगळं तिथूनच सुरू होतं. शिवाय सैल तार स्वतःच ठिणग्या टाकते, आणि कार्ब्युरेटर तिथून लांब नाही.

तार खांबाला डाग देऊन टाका, असंही तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. ते करू नका. सोल्डरिंगची उष्णता खांबातून खाली आतल्या डागापर्यंत जाते.

गाडी आणा, नाहीतर मी येतो. 4 च्या भोकाची थिंबल, नवा नट आणि वॉशर तुमच्यासमोर बसवतो, मीटर तुमच्या हातात देतो. सांधा पक्का बसला नाही तर तीन ओहमची बिनबॅलास्टची कॉइल मागवून माझ्या खर्चानं घालतो. जुनी तुमच्याकडेच राहील. तोवर गाडी गावाबाहेर नेऊ नका.