केंद्राचा पैसा, राज्याचे पोलीस: नाशिकच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे पोलीस आयसीईला, म्हणजे केंद्राच्या इमिग्रेशन खात्याला, किती मदत करतात यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इतरांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही महसूल खात्यात ३१ वर्षं काढलीत, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालात. मुलगा डॅलसला, बारा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. तुमचा सवाल असा, की केंद्राचा निधी घ्यायला हात पुढे आणि बेकायदा राहणाऱ्याला धरून द्यायची वेळ आली की हात वर, हा कुठला न्याय? आमच्याकडे असं वागलो असतो तर दुसऱ्या दिवशी निलंबनाचा आदेश टेबलावर पडला असता.

आधी माझी चूक कबूल करतो. 'सँक्च्युअरी शहरात आयसीईला पाय ठेवता येत नाही' हे माझं वाक्य साफ चुकीचं होतं, ते आता बदललंय. आयसीईचे लोक कुठल्याही शहरात येतात, माणसं उचलून नेतात, आणि त्यांना अडवायचा अधिकार शहराला नाही. सँक्च्युअरी शहर एवढंच म्हणतं, की आमचे पोलीस, आमची कोठडी आणि आमचा वेळ तुमच्या कामाला मिळणार नाही. आडवं येणं वेगळं आणि हातभार न लावणं वेगळं.

निलंबनाचं तुम्ही लिहिलंत ते भारतात खरंच आहे. आपल्या घटनेचं कलम २५६ सांगतं, की संसदेने केलेल्या कायद्यांचं पालन होईल अशाच रीतीने राज्याने कारभार चालवायचा. केंद्राचे निर्देश पाळले नाहीत तर पुढे कलम ३६५, म्हणजे राष्ट्रपती राजवटीची वाट, बसलेलंच आहे. तुमची सगळी नोकरी या चौकटीत गेली. अमेरिकेच्या घटनेत कलम २५६ नाही. तिथे उलट दहावी दुरुस्ती आहे: केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मनाई केलेले नाहीत, ते अधिकार राज्यांचे किंवा जनतेचे.

गंमत म्हणजे या दुरुस्तीला धार दिली ती बंदूकवाल्यांनी. बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी स्थानिक पोलीस अधिकाऱ्याने तपासावी असं केंद्राच्या ब्रेडी कायद्यात होतं. मोंटाना राज्यातला एक शेरीफ, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुख, जे प्रिंट्झ कोर्टात गेला: मी केंद्राचा कारकून नाही. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला आणि निकालपत्र लिहिलं उजव्यांचे लाडके न्यायमूर्ती स्कालिया यांनी. तेव्हा टाळ्या वाजवणारे आज त्याच निकालाच्या नावाने बोटं मोडतायत. (डावेही काही कमी नाहीत. तेव्हा तेही बोटंच मोडत होते.)

आता कोठडीत नेमकं काय होतं ते पाहा, कारण 'माहिती लपवतात' असंही तुम्ही लिहिलंय. अटक झालेल्या माणसाची दहाही बोटं काचेवर टेकवून ठसे घेतात. ते ठसे एफबीआयकडे जातात आणि तिथून आपोआप होमलँड सिक्युरिटीकडे, म्हणजे आयसीईच्या वरच्या खात्याकडे. शहर सँक्च्युअरी असो वा नसो, ही साखळी तुटत नाही. ठसे जुळले की आयसीईकडून जेलला एक फॉर्म येतो, त्याला डिटेनर म्हणतात: सुटकेची वेळ झाल्यावरही याला आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा. त्यावर सही इमिग्रेशन अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नव्हे. तुम्ही कार्यकारी दंडाधिकारी होतात काका. जामीन झालेल्या माणसाला नुसत्या खात्याच्या पत्रावर दोन दिवस डांबलं असतंत का? पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) डांबलं, तीन दिवस, आणि माणूस निघाला जन्माने अमेरिकन. २०१४ साली अपील कोर्टाने सांगितलं, की डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही, तेव्हा जबाबदारी काउंटीवरही येते.

पोलिसांनी आयसीईला किती मदत करायची हे ठरवणारा न्यू जर्सीचा २०१८चा आदेशसुद्धा तुम्ही समजता तसा सरसकट 'सोडून द्या' म्हणणारा नाही. गंभीर किंवा हिंसक गुन्ह्याचा आरोप असेल, तर आयसीईला कळवता येतं आणि सुटकेच्या दिवशी रात्री ११:५९ पर्यंत धरूनही ठेवता येतं. ओशन आणि केप मे या काउंट्यांना याहून जास्त मदत करायची होती. त्या कोर्टात गेल्या आणि २०२१ साली हरल्या. कारण राज्याला केंद्र हुकूम देऊ शकत नसलं, तरी काउंटीला राज्य देऊ शकतं. तुमच्या मुलाच्या टेक्सासने २०१७ साली हेच उलट्या दिशेने केलं: डिटेनर न पाळणाऱ्या अधिकाऱ्याला पदावरून काढायचा कायदा.

राहिला पैसा. तुम्हाला 'लेखाशीर्ष' (कुठला पैसा कशावर खर्च करायचा ते ठरलेलं खातं) हा शब्द समजावून सांगायला नको. पाणीटंचाईच्या लेखाशीर्षाखाली आलेला निधी 'आधी अमुक मोहिमेला माणसं द्या' म्हणून वरच्या साहेबाने अडवला, तर तुम्ही पहिला प्रश्न विचाराल, ही अट शासन निर्णयात कुठे लिहिलीय? अमेरिकन कोर्टं हेच विचारतात. तिजोरीची किल्ली राष्ट्राध्यक्षांकडे नसते, काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे, असते. काँग्रेस अट घालू शकते, पण ती स्पष्ट हवी, कामाशी निगडित हवी आणि गळा आवळणारी नको. दारूचं वय २१ करा, नाहीतर महामार्ग निधीतले ५ टक्के कापू, ही अट १९८७ साली टिकली, कारण पिऊन गाडी चालवण्याचा रस्त्याशी संबंध आहे. मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचा, विस्तार करा, नाहीतर जुनाही निधी बंद, ही २०१२ साली पडली.

ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये अध्यक्षीय आदेश काढून सँक्च्युअरी शहरांचा निधी रोखायचं ठरवलं, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश ऑरिक यांनी एप्रिलमध्ये तो आदेश अडवला. २०२५ साली नवे आदेश आले आणि एप्रिलमध्ये त्याच न्यायाधीशांनी पुन्हा स्थगिती दिली. त्याच महिन्यात वाहतूकमंत्री डफी यांनी राज्यांना पत्र पाठवलं: आयसीईला सहकार्य करा, नाहीतर रस्त्या-पुलांचा निधी विसरा. पुलाच्या गर्डरचा आणि व्हिसाचा संबंध काय, ते ऱ्होड आयलंडच्या कोर्टालाही समजलं नाही. जूनमध्ये तिथेही स्थगिती. आपल्याकडे शाळांसाठीचा समग्र शिक्षा योजनेचा निधी पीएम श्री योजनेत आला नाहीत म्हणून अडवला, ही तमिळनाडूची तक्रार याच जातीची आहे. तेव्हा हे अमेरिकेचंच त्रांगडं आहे असं नाही.

तुमच्या बाजूचंही सांगतो. पोलिसांसाठीच्या अनुदानाला लावलेल्या अशाच अटी न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने २०२० साली वैध ठरवल्या होत्या. सुप्रीम कोर्टाने तो वाद निकालात काढण्याआधीच सरकार बदललं आणि प्रकरण मागे घेतलं गेलं. आणि २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर एका तरुणीचा गोळी लागून जीव गेला. गोळी ज्याच्या हातातून सुटली त्याला आधी पाच वेळा हद्दपार केलेलं होतं आणि डिटेनर असूनही शेरीफने सोडलेलं होतं. ज्युरीने त्याला खुनातून निर्दोष सोडलं, पण तेवढ्याने शेरीफच्या कचेरीचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. त्यावर माझ्याकडे बचाव नाही.

मुलाच्या रांगेचं दुःख मी जाणतो, मीही त्याच रांगेत उभा होतो. पण ती रांग काँग्रेसने घातलेल्या ७ टक्क्यांच्या देशनिहाय मर्यादेमुळे तुंबलीय. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पोलिसांनी उद्या आयसीईला दारं उघडली तरी ती एका माणसाने पुढे सरकणार नाही.

'पोलिसांवरचा विश्वास वगैरे पुस्तकी आहे' असं तुम्ही शेवटी लिहिलंत. आमच्याकडे दर शुक्रवारी पोळ्या देणाऱ्या एक मावशी आहेत. व्हिसा कधीच संपलाय. गेल्या हिवाळ्यात आमच्याच पार्किंगमध्ये एकाने त्यांच्या हातातलं दिवसभराच्या पैशांचं पाकीट हिसकलं. मी खाली धावलो तेव्हा त्या बर्फात पडलेली फॉइलची पुडकी एकेक उचलून पदराने पुसत होत्या. मी ९११ लावायला फोन काढला, तर मनगट धरलं. "पोलीस नको हो दादा." मी २०१८चा आदेश सांगितला: इथले पोलीस व्हिसा विचारत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि मनगट काही सोडलं नाही. म्हणजे तुमचं थोडं बरोबर, आदेश काढून विश्वास येत नाही. पण तो आदेशही नसता तर मी त्यांना काय सांगितलं असतं?

चोर सापडला नाही. तक्रारच नव्हती. मावशी आता रोख घेत नाहीत, भाच्याच्या खात्यावर पाठवा म्हणतात.