बेनेट आणि आयतं पीठ

ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा प्रशिक्षक वेन बेनेट. त्याचं नाव निघालं की या खेळाच्या मंडळींत एक टोमणा हमखास येतो: स्वतः यथातथाच खेळाडू, ब्रिस्बेनमध्ये आयते तारे मिळाले, नशिबाने अंतिम सामने जिंकले, म्हणून प्रशिक्षक म्हणून सात विजेतेपदं. थोडक्यात, आयत्या पिठावर रेघोट्या.

खेळाडूचं आधी उरकू. 1971 साली तो ऑस्ट्रेलियाच्या संघातून न्यूझीलंड दौऱ्यावर गेला होता, ब्रिस्बेन ज्या राज्यात आहे त्या क्वीन्सलंडकडूनही खेळला. तारा नव्हता, कबूल. पण आचरेकर सर तरी किती प्रथम श्रेणी सामने खेळले होते? एक.

आता तारे. बेनेट मूळचा पोलीस. तो पोलीस अकादमीत शिकवायचा तेव्हा तिथल्या कॅडेटांत माल मेनिंगा होता, पुढे मोठा तारा झालेला. पुढे त्याच मेनिंगाला घेऊन त्याने 1985 मध्ये साउथ्स या ब्रिस्बेनच्या क्लबला शहराची स्पर्धा जिंकून दिली. अंतिम सामन्यात 10-8 ने हरवलं ते वॉली लुईसच्या विनम-मॅनलीला.

हा लुईस म्हणजे क्वीन्सलंडचा ‘राजा’. 1988 मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोस हा नवाकोरा क्लब उतरला तेव्हा कर्णधार तोच, प्रशिक्षक बेनेट. 1990 च्या हंगामाआधी बेनेटने त्याचं कर्णधारपद काढून घेतलं. सगळं शहर खवळलं. हंगाम संपल्यावर लुईस क्लब सोडून गेला, आणि ब्रॉन्कोसचं पहिलं विजेतेपद आलं 1992 मध्ये, दुसरं लगेच पुढच्या वर्षी. आयत्या ताऱ्यांवर जगणारा माणूस सगळ्यात मोठ्या ताऱ्याशी असं वागेल?

ब्रिस्बेनबाहेरचंही बघा. सेंट जॉर्ज आणि इलावारा हे दोन क्लब एक होऊन 1999 पासून खेळत होते, पण विजेतेपद नव्हतं. बेनेट 2009 मध्ये आला, 2010 मध्ये ते मिळालं. अंतिम सामन्यात रूस्टर्सविरुद्ध मध्यंतराला 6-8 असे मागे होते. सामना संपला 32-8. पुढे न्यूकॅसल या क्लबात मात्र तीन वर्षांत त्याला जमलं नाही, तेही लिहून ठेवतो.

राहता राहिलं नशीब. 2015 चा अंतिम सामना काढून बघा. बेनेट पुन्हा ब्रॉन्कोसकडे आला होता. ब्रॉन्कोस 16-12 ने पुढे, काही सेकंद उरलेले, आणि प्रतिस्पर्धी नॉर्थ क्वीन्सलंडच्या काइल फेल्टने कोपऱ्यात गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला, म्हणजे ट्राय, चार गुण. 16-16. ट्रायनंतर दोन जादा गुणांसाठी जॉनथन थर्स्टनने टचलाइनवरून मारलेली किक खांबाला लागून परत आली. मग जादा वेळ, त्यात पहिला गुण मिळवणारा जिंकतो. तिच्या पहिल्याच किकवर ब्रिस्बेनच्या बेन हंटच्या हातून चेंडू सुटला, आणि थोड्याच वेळात थर्स्टनने एका गुणाचा फील्ड गोल मारून सामना संपवला. 17-16.

2021 मध्ये साउथ सिडनीला घेऊन तो अंतिम सामन्यात पेनरिथकडून 14-12 ने हरला. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना साउथ सिडनीच्या ॲडम रेनॉल्ड्सची ट्रायनंतर कडेवरून मारलेली दोन गुणांची किक हुकली; बसली असती तर बरोबरी होती.