जोडपे : १

माझ्या पाकिटात सध्या पाचशे रुपयांची एक पावती आहे. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलंय, 'विवाहपूर्व छायाचित्रण. जोडपे : १.' माझ्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आणि काल सकाळी मी बागेत एकटाच गेलो होतो. सरड्याचा फोटो काढायला.

बागेचं नाव सांगत नाही. पुन्हा जायचंय तिथं.

नवतपा सुरू आहे, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. या दिवसांत शहाणा नागपूरकर कूलरच्या टाकीत पाणी भरतो, खिडक्या लावतो आणि पाऊस येईपर्यंत कोणाच्या भानगडीत पडत नाही. पण सरड्याला हे कोणी सांगावं? ऐन उन्हाळ्यात नराचा गळा लालभडक होतो, आणि उंच जागा धरून तो दंड काढायला लागतो. मला तीन वर्षांपासून तो फोटो हवा आहे. म्हणून पावणेसातला, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, मी बागेच्या गेटवर हजर. कॅमेऱ्याच्या बॅगेत आईनं ऊन लागू नये म्हणून एक कांदा टाकला होता. माझं वय आता एकोणपन्नास, पण मेमध्ये घराबाहेर पडताना कांद्यातून सुटका नाही. माझ्या मॅक्रो लेन्सला जूनपर्यंत कांद्याचा वास येतो.

गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत गार्डभाऊ बसले होते.

"मोबाईल आहे का कॅमेरा?"

"कॅमेरा."

"मंग पावती फाडा लागन. नवरी कुठं आहे?"

मला वाटलं दुपट्ट्यामुळं नीट ऐकू आलं नाही. कान मोकळा केला.

"नवरी. मागून येऊन राहिली का?"

"नाही हो भाऊ. एकटाच आहे. झाडांचे, पाखरांचे फोटो काढतो."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग कॅमेऱ्याला पाहिलं. "एवढा मोठा कॅमेरा घेऊन?"

मी पाटीकडं बोट दाखवलं. मोबाईल निःशुल्क, कॅमेरा पन्नास, प्री-वेडिंग पाचशे. "हे बघा, पन्नासची द्या."

"ते पुस्तक संपलं. पाचशेवालंच आहे."

"नवीन कधी येईल?"

"सोमवारी. साहेब सुट्टीवर आहे."

"अहो, पण मला सरड्याचा फोटो काढायचाय. सरड्याचं लग्न नाही लावायचं."

भाऊ गप्प झाले. हा माणूस आता हसेल आणि आत सोडेल, असं मला वाटलं. ते विचार करत होते.

"एकटा सरडा आहे का जोडी?"

"एकटा. नर."

"अन् मादी आली मंग?"

"कशाला येईल?"

"बाग आहे ना सर. येते. याच दिवसांत तर जमते त्यांचं."

आणि इथंच माझी बोलती बंद झाली, कारण शास्त्राच्या दृष्टीनं भाऊ शंभर टक्के बरोबर होते. गळा लाल होतो तो विणीच्या हंगामात. दंड काढतो ते मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला धाक बसवायला. म्हणजे अक्षरशः बघितलं तर मी विवाहपूर्व छायाचित्रणासाठीच आलो होतो. पाटीवर वर-वधू माणसंच असावीत असं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

मग बॅग तपासली. कांदा निघाला.

"खायच्या वस्तू आत नेता येत नाही."

"हा खायचा नाही, उन्हाचा आहे."

"कांदा भाजीत येते सर." त्यांनी तो टेबलावर, रजिस्टरच्या शेजारी ठेवला. "जातानी घेऊन जाजा."

सात वाजून गेले होते. नागपुरात नवतप्यात नऊनंतर फोटोतलं सगळं पांढरं पडतं आणि काढणारा काळा. मी पाचशेची नोट दिली. भाऊंनी वराच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, वधूच्या रकान्यात एक रेघ ओढली, आणि तरीही खाली जोडपे एकच धरलं. ही सवलत समजायची की काय, कळलं नाही.

आतलं काय सांगू. बहावा पानं टाकून नुसता पिवळा झाला होता. ताम्हणाला जांभळा बहर होता. तांबट कुठंतरी ठोक ठोक ठोक करत होता. सगळी पाखरं चोच वासून सावलीत बसतात तेव्हा याचं दुकान सुरू. बहाव्यावर काळा भुंगा आला. हा भुंगा फुलाचे पुंकेसर पायांत धरतो आणि अंग असं थरथरवतो की पराग झडून त्याच्या अंगावर पडतात. उडताना त्याचा आवाज वेगळा आणि हे करताना वेगळा, चढा. मी श्वास रोखून, घामानं बरबटलेला डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बसलो होतो. फोकस लागला.

आणि बहावा गदागदा हलला.

पलीकडून एक पोट्टा फांदी धरून हलवत होता. खाली पोट्टी दोन्ही हात पसरून गिरक्या घेत होती, आणि तिसरा मोबाईलवर स्लो मोशन घेत होता. पाकळ्यांचा पाऊस हवा होता त्यांना. चार वेळा घेतला. चौथ्या वेळी फांदीच हातात आली, तेव्हा तिघंही खूप हसले. भुंगा केव्हाच गेला होता.

मी म्हटलं, "बाळा, झाड आहे ते."

"काका, एकच टेक."

आता मला सांगा, यांच्याकडं पाटी कशी बघते? यांच्या मोबाईलवर दोनशे मेगापिक्सेल लिहिलेले असतात. माझा कॅमेरा चोवीसचा. त्यांच्यात वाळवंटापासून चंद्रापर्यंत सगळं मावतं, आणि ते निःशुल्क. मी गवतावरही पाय जपून टाकतो, तीन तासांत एका पानाला हात लावत नाही, आणि पाचशे. का, तर माझी वस्तू काळी आणि लांब दिसते. वाफ्यात उभं राहून कोणी काय तुडवतं याचं पुस्तक कोणी छापलेलंच नाही, त्यामुळं ते संपायचाही प्रश्न नाही. मोडलेली फांदी मी उचलून झाडाच्या बुंध्याशी ठेवली. उपयोग शून्य, पण तशी टाकून जाववेना.

नऊपर्यंत कॅमेऱ्याला हात लावला की तव्याला लावल्यासारखं होऊ लागलं. आमच्याकडं उन्हाचा अभिमानही विचित्र. २०१३ च्या मेमध्ये पारा ४७.९ ला गेला होता, ते आम्ही पाहुण्यांना अजून सांगतो. २०२४ मध्ये शहरातल्या एका स्वयंचलित यंत्रानं चक्क ५६ दाखवले, तेव्हा काही तास आम्ही जगात वर होतो. मग हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. ऊन तेवढंच होतं, पण त्या संध्याकाळी सगळ्यांचे चेहरे पडले होते.

सरडा नाही म्हणजे नाही. निवडुंगात नाही, बांबूत नाही, करंजाखाली नाही. नर्सरीमागच्या विटांच्या ढिगाऱ्यावर एक मादी दिसली, भुरकट, आणि मी पोटावर पडेस्तोवर तीही गेली. शर्टाची बटणं तापून चटके बसत होते. साडेनऊला हार मानून निघालो.

तर गेटच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला, भाऊंच्या खुर्चीपासून चार हातांवर, कुंपणाच्या खांबावर तो बसला होता. गळा असा लाल की नुकतंच पान खाल्लंय. दंड काढत होता. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण मी तिसरीपासून म्हणत आलोय, आणि अडीच तास बागेच्या पोटात शोधत फिरलो. रस्त्यावरून फोटो काढायला पावती लागत नाही.

मी बॅग उघडेपर्यंत एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. खांब रिकामा.

"झालं का शूटिंग?" भाऊंनी विचारलं. टेबलावर उघडा डबा होता, भाकरी संपत आली होती, आणि कागदावर कांद्याची सालं. मी सालांकडं पाहिलं, त्यांनीही पाहिलं. दोघंही काही बोललो नाही.

"सरडा नाही मिळाला," मी म्हटलं.

"तो इथंच तर बसते रोज." त्यांनी हात पँटला पुसला, खिशातून मोबाईल काढला, अंगठ्यानं दोनदा सरकवलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. तोच खांब. सकाळचं कोवळं, तिरपं ऊन. लाल गळ्याचा नर, खवला न् खवला मोजून घ्यावा असा, आणि त्याच्या खाली, मान वर करून बघणारी मादी.

"तुम्हाले पाठवू का?" भाऊ म्हणाले. "याचे पैसे नाही लागत."