नुसतं पृष्ठफळ पाहून चालत नाही

संत्र्याच्या सालीपासून सुपरकपॅसिटरचा (झटपट चार्ज होणाऱ्या, वीज साठवणाऱ्या साधनाचा) कार्बन बनतो, हा लेख आम्हा नागपूरकरांना आवडणारच. पण ‘पृष्ठफळ जितकं जास्त तितकी साठवण जास्त’ हे त्यातलं विधान अर्धंच खरं आहे. एका ग्रॅमला 2000 चौरस मीटर पृष्ठफळ असलं, तरी ज्या छिद्रात आयन (द्रावणातला विद्युतभारित कण) शिरूच शकत नाही ते काय कामाचं? विद्युत प्रभार मुख्यतः 2 नॅनोमीटरहून बारीक छिद्रांत धरला जातो, पण तिथवर आयन झटपट पोचायला 2 ते 50 नॅनोमीटरच्या रुंद वाटाही हव्यात. खरी मेहनत हा मेळ बसवण्यात आहे. सालीचा कोळसा पोटॅशियम हायड्रॉक्साइडसोबत नायट्रोजनमध्ये 700-800 अंशांवर तापवतात, मग आम्लाने नि पाण्याने धूत बसायचं. यात आळस केला आणि लोहाचे अंश उरले, की साठवलेला प्रभार आपोआप उतरतो.

शिवाय साल ओली; वाळवण्यातच खर्च. त्यापेक्षा आमच्या विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, बघा. कापूस निघाला की शेतकरी ती धुऱ्यावर पेटवून देतात, फार जीव तुटतो. तिचाही असाच उत्तम सच्छिद्र, म्हणजे सक्रिय कार्बन होतो. आणि लेखकांना विनंती, पुढच्या वेळी साठवणीचे आकडे प्रति ग्रॅमसोबत प्रति घनसेंटीमीटरही द्या. फार सच्छिद्र कार्बन हलका असतो, जागा मात्र जास्त खातो.