नवं हाय, त्याला काय बघायचं!

ट्रॅक्टरमागे जोडून माती भुसभुशीत करणाऱ्या नव्या रोटाव्हेटरला कुंकू लावायला आमच्या घरात सगळे पुढे. बोल्ट आवळायला मात्र मी एकटा. "आरं, नवं हाय ते, त्याला काय बघायचं?" असं आबांचं म्हणणं. देखभाल हे त्यांच्या लेखी म्हातारपणाचं दुखणं.

खरं तर नव्याकडेच जास्त बघावं लागतं. बोल्टखाली रंगाचा थर असतो. पहिल्या काही तासांच्या धडधडीत तो दबतो, झिजतो आणि कारखान्यात आवळलेला बोल्ट गुपचूप ढिला पडतो. आमचा रोटाव्हेटर सहा फुटी. पाती 42, दर पात्याला दोन बोल्ट, म्हणजे झाले 84. ट्रॅक्टर बंद, किल्ली माझ्या खिशात (पुतण्याचा भरवसा नाही), अवजाराखाली लाकडी ओंडके आणि मी उताणा. रोटर (पाती बसवलेला दांडा) हाताने जरासा फिरवायचा, दोन बोल्ट आवळायचे, पुन्हा फिरवायचा. निम्म्यात रस्त्यावरून कुणीतरी ओरडतं, "काय मोडलं काय रं?" उत्तर देईपर्यंत कुठल्या पात्यावर होतो तेच आठवत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून.

ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरला पोचवणाऱ्या पीटीओ शाफ्टचं ग्रीस भरायचं निप्पल नेमकं खालच्या अंगाला. एरवी मिनिटाला 540 फेरे घेणारा हा गडी, ग्रीस भरायच्या वेळी पाव फेराही फिरायला राजी नसतो.

पण खरा पेच गिअरबॉक्सच्या डोक्यावर होता. तिथे ब्रीदरची एवढीशी टोपी असते. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. पूजेच्या वेळी आईला ओलं कुंकू लावायला तीच जागा सापडली, वर अक्षताही दाबून बसवल्या. कुंकू वाळून कडक झालं. कोंडलेल्या हवेने मग तेल अडवणाऱ्या सीलमधून वाट काढली, तीही 90 नंबरचं ऑइल सोबत घेऊन. मी टाचणीने एकेक अक्षत उकरत होतो तेवढ्यात आई आली. "पुसू नगंस, देवाचं हाय." बरीच बोलाचाली होऊन तह झाला: ब्रीदर माझा, बाकीचा गिअरबॉक्स देवाचा.

झेंडूच्या हाराचा नायलॉन दोराही रोटरच्या टोकाला सीलपाशी गच्च गुंडाळलेला निघाला. तो आत शिरला असता तर तेल बाहेर आणि माती आत.

पहिलं तेलही लवकर बदलावं लागतं, कारण गिअरचे नवे दात एकमेकांवर घासून बसताना त्यांची बारीक चुरी तेलात उतरते. आबांना हे काही केल्या पटेना. "नवं तेल सांडून परत नवंच तेल?" त्यांनी काढलेलं तेल फडक्यातून गाळून डब्यात भरलं. आता घरातली एकही बिजागरी कुरकुरत नाही.

काल शेजारचे अण्णा बांधावर येऊन बसले. मी खाली पाना घेऊन पडलेला. बराच वेळ बघून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "गावात सांगत न्हाई कुणाला. खरं बोल, कितव्या हाताचा आणलास?"